नेकारकाठी पुढे कोण होतं

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५
झिंडेलफिंगेन

एप्रिलनंतर आज हात लावला हिला. माफी मागायची तर कुणाची, वहीची की माझी, हे ठरवत बसले तर आजचाही दिवस जाईल. कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी खरी आहेत: ऑफिसमधली कपात, आईचं दुखणं, जुलैपासून बाबा आलेले. पण बाबा तर माझ्याआधी उठून स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि माझाही झाकून ठेवतात. सासऱ्यांवर ढकलणं बरोबर नाही. आळस, दुसरं काही नाही.

आज लिहायला बसले, कारण नागरिकत्वाच्या कचेरीतून फोन आला. माझं काम झालं. तेवीस तारखेला, मंगळवारी, कागद हातात देणार. सत्यजितचं आणि आमच्या मैत्रेयीचं कधीच झालंय. जुना पासपोर्ट सोडायला मीच का-कू करत होते. फोनवरच्या बाई म्हणाल्या, त्या दिवशी एका कागदावर सही लागेल, की अर्ज केल्यापासून काही बदललेलं नाही, नोकरी तीच आहे, कुठली पोलीस चौकशी वगैरे चालू नाही. इथल्या पद्धतीचं नेहमीचंच.

हा पासपोर्ट मला हौसेसाठी नको आहे. नाशिकला आईचा कंपवात वाढलाय. तिला सांभाळायला सुलेखाताई दिवसभर असतात, पण परवा आईच्या हातून भाताचं पातेलं पडलं तेव्हा त्या खाली दूध आणायला गेल्या होत्या. मी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले तर माझा इथला कायम राहण्याचा परवाना जातो. नागरिक झाले की ती टांगती तलवार नाही. वर्षभराची बिनपगारी रजा घ्यायची, आईजवळ राहायचं, परत यायचं. आईला सांगूनही टाकलं, 'दिवाळीनंतर येते, आणि राहते.' तिनं दोनदा विचारलं, 'राहतेस म्हणजे किती?' मी म्हटलं, 'तू कंटाळशील इतकी.'

कागद हातात यायच्या आधी सांगायला नको होतं का? घाई केली असं वाटतंय.

बाबांचं विमान वीस तारखेला, शनिवारी. सोमवारपासून मैत्रेयीची शाळा. म्हणून या रविवारी सगळे मिळून नेकारच्या खोऱ्यातून सायकलनं जायचं ठरलंय. होर्बपर्यंत रेल्वे, मग नदीकाठानं ट्युबिंगेनपर्यंत उताराउतारानं. बाबांना झेपेल का विचारलं तर म्हणाले, "ऊर्मिलाबाई, खडकीच्या फॅक्टरीत मी जन्मभर सायकलवर गेलोय. तुम्ही तुमचं बघा."


रविवार, १४ सप्टेंबर

गुडघ्याला पट्टी आहे.

सकाळ फार सुंदर गेली होती. ते आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल. होर्बला उतरलो तेव्हा दरीत धुकं होतं आणि नदी दिसतच नव्हती, नुसता आवाज. मग ऊन आलं. बाबांनी पुलावर सायकल थांबवून खाली बघितलं आणि म्हणाले, "हीच का तुमची नेकार? आमच्या मुठेला पाणी सोडलं की ती हिला काखोटीला मारून नेईल." मैत्रेयी हसली. आजोबांच्या विनोदांना ती मराठीत हसते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. पुढे वाटेवर सफरचंदं पडून सडत होती. ती बघून बाबांचा जीव कासावीस. दर झाडापाशी उतरून दोन-चार उचलायचे, "अगं, फुकट चाललीयेत!" त्यांची पिशवी भरली तेव्हा त्यांनी माझ्या निळ्या जॅकेटच्या खिशात कोंबायला सुरुवात केली. त्या उतरण्या-चढण्यात सत्यजित खूप पुढे निघून गेला.

बीरिंगेन मागे टाकल्यावर वाट रेल्वेच्या पुलाखालून जाते. तिथं उतार आहे, आणि वळणावर डोक्याएवढा उंच मका. पलीकडचं काही दिसत नाही. समोरून एक आजी ई-बाइकवर आल्या. घंटी वाजली असेल, नसेल. टक्कर झाली.

त्या मक्याच्या बाजूला पडल्या. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाजच आला नाही, ते सगळ्यांत वाईट होतं. बाबा सायकल टाकून धावले, त्यांच्याजवळ मातीत बसले, स्वतःचा मफलर काढून त्यांच्या डोक्याखाली दिला. बाबांना जर्मन शब्द चारच येतात. त्यातला एक 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे माफ करा. आजींचा हात धरून ते तोच शब्द पुन्हापुन्हा म्हणत राहिले. मैत्रेयीनं रुग्णवाहिकेला फोन केला. चौदा वर्षांची आहे, पण जागा अगदी अचूक सांगितली. मला ते सुचलं नसतं. मी गवतावर बसले होते.

रोटेनबुर्गहून पोलीस आले, एक तरुण आणि एक बाई. ते आले तेव्हा सत्यजित अजून परतला नव्हता, आजी स्ट्रेचरवर होत्या, आणि बाबा अजून त्यांचा हात धरून 'एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग' म्हणत होते. त्या तरुणानं सरळ बाबांनाच विचारलं. बाबांना काय विचारलं ते कळलं असावं. ते म्हणाले, "मैत्रेयी, सांग यांना. चूक माझी. मी डावीकडे घातली सायकल. आमच्याकडे तशीच सवय असते म्हणावं."

मैत्रेयीनं माझ्याकडे बघितलं असं मला वाटतं. मी गुडघ्यातून येणारं रक्त बघत होते. मग ती बोलली.

मला कुणी काही विचारलं नाही.

आजींचं नाव फ्राऊ हाफनर. मनगट मोडलंय आणि खांद्याजवळचं हाड. ट्युबिंगेनच्या इस्पितळात आहेत. जिवाला धोका नाही म्हणाले.


सोमवार, १५ सप्टेंबर

कालचं वाचलं. 'टक्कर झाली' असं लिहून मी पुढे गेले आहे. वारा सुटावा तशी टक्कर होत नसते.

तर लिहिते. पुढे मी होते. बाबा माझ्या मागे, त्यांच्या मागे मैत्रेयी. फ्राऊ हाफनर त्यांच्या उजवीकडून, म्हणजे बरोबर बाजूनं येत होत्या. मी वाटेच्या मधोमध होते. अशा वेळी इथल्या माणसानं उजवीकडे व्हायचं. मी डावीकडे झाले, थेट त्यांच्यावर. चौदा वर्षं इथं उजवीकडून सायकल, उजवीकडून गाडी. विचार करायला वेळ असला की मी जर्मनीत असते. वेळ नसला की कर्वे रोडवर.

बाबांच्या सायकलनं कुणाला स्पर्शही केला नाही.

सकाळी मैत्रेयी शाळेला गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाबा, काल तुम्ही तसं का सांगितलंत?"

ते सफरचंदं चिरत होते. मुरांबा करायचा होता त्यांना. "तुझी सही कधी आहे? मंगळवारी ना?"

"हो, पण..."

"पण काय? मी शनिवारी विमानात. म्हाताऱ्याचं काय वाकडं करणारेत ते? फार तर पुन्हा येऊ देणार नाहीत."

"आणि नाही दिला पुन्हा व्हिसा तर?"

"न देऊ देत. मला कशाला यायचंय परत? पाहिलं सगळं. चीज खाऊन पोट बिघडलंय माझं." मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "तुझी आई वाट बघतेय गं. मी हिच्या वेळी बघितलंय, वाट बघणाऱ्या माणसाला तारखा सांगायच्या आणि बदलायच्या नसतात."

'ही' म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या शेवटच्या आजारात आम्ही दोनदा तिकिटं पुढे ढकलली होती. बाबा त्याबद्दल कधी बोलले नव्हते, आजही बोलले नाहीत.

त्यांना परत यायचं नाही हे एका अर्थी बरंच. मागच्याच आठवड्यात त्यांनी सेलमधून थंडीचे जाड हातमोजे घेतले, पुण्यात काय उपयोग आहे त्यांचा कोण जाणे. घ्यायची सवय, दुसरं काय.

संध्याकाळी सत्यजितला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं ताट पुसून मांडणीत ठेवलं. मग म्हणाला, "हे बघ, तू खोटं बोललेली नाहीस."

"नाही."

"बाबांनी स्वतःहून सांगितलंय. सज्ञान आहेत. त्या बाईंचे उपचार होणारच आहेत, विमा आहे त्यांचा. कुणाचं नुकसान झालं मग?"

खरंच कुणाचं नुकसान झालं?


मंगळवार, १६ सप्टेंबर

एक दुरुस्ती. 'मला कुणी काही विचारलं नाही' असं रविवारी लिहिलंय, ते बरोबर नाही. निघताना तो तरुण पोलीस माझ्यापाशी वाकून म्हणाला होता, 'आल्झो, म्हणजे तुमचे सासरे पुढे होते, तुम्ही मागे?' मी मान हलवली. आपण हलवतो तशी, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे. तिचा अर्थ हो, नाही, कळलं, बघू, काहीही होतो. त्यानं 'हो' लिहिलं असणार. मी हे मुद्दाम केलं की ती माझी नेहमीचीच मान होती, हे आज दिवसभर ठरवायचा प्रयत्न केला. ऑफिसात मी अशी मान हलवत नाही.

मैत्रेयीचं पोट दुखतंय. शाळेतून लवकर आली. कँटीनमधलं काहीतरी बाधलं असेल. ओवा दिला.


बुधवार, १७ सप्टेंबर

बाबांनी हट्टच धरला की जायच्या आधी त्या आजींना भेटायचं. नारळाच्या वड्या केल्या, डबा भरला. सत्यजितला मीटिंग होती. आम्ही तिघं गेलो. मैत्रेयीला न्यायला नको होतं, पण बाबा म्हणाले तिच्याशिवाय मी बोलणार कसा, आणि ते खरंच होतं. मीही दुभाषी होऊ शकते हे कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

ऊन होतं म्हणून मी जॅकेट घातलं नाही, पातळ कार्डिगन घातलं. परतताना गारठले.

फ्राऊ हाफनर खिडकीजवळ होत्या. प्लॅस्टरमधला हात उशीवर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात, मुलगा हॅम्बर्गला. बाबांना बघून त्यांचा चेहरा उजळला. बाबांनी भर दुपारी 'गूटन मॉर्गन' म्हटलं, त्या हसल्या आणि हसताना खांदा दुखला. वडी त्यांना आवडली. बाबा म्हणाले, "सांग यांना, दात सांभाळून. पाक जरा पुढे गेलाय." मैत्रेयीनं सांगितलं. खोली इतकी छान होती की मला वाटलं झालं, हेच होतं, आता संपलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. फार सावकाश बोलत होत्या. म्हणाल्या, "मला तुम्हाला एक विचारायचं आहे, हसू नका. मला सारखं आठवतं की पुढून एक बाई येत होती. निळ्या जॅकेटमधली. मी पोलिसांनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, नाही, हे गृहस्थ होते, त्यांनी स्वतः कबूल केलंय. मी रोज डोळे मिटून बघते आणि मला बाईच दिसते."

मी म्हटलं, "धक्का बसला की होतं असं." माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला.

"डॉक्टरही तेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी एक माणूस दुसऱ्याच्या जागी दिसला. मग दोन वर्षांत ती मला ओळखेना." त्यांनी चांगल्या हातानं पांघरूण सारखं केलं. "हाड जुळेल हो. मी त्याला घाबरत नाही."

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

मैत्रेयी खिडकीतून बाहेर बघत होती. मराठीत म्हणाली, "काही नाही, आजोबा. वडी छान झालीये म्हणतात."

बाबा खूश झाले. निघताना नर्सनं त्यांचा मफलर आणून दिला, धुऊन, घडी घालून.

गाडीत मी मैत्रेयीला विचारलं, पोट कसं आहे. "गूट," म्हणाली. चला, ओव्यानं गुण आला.


गुरुवार, १८ सप्टेंबर

दुपारी चारला फोन आला. पोलिसांतल्या त्या बाई. बाबा शनिवारी देश सोडणार म्हणून त्याआधी एकदा त्यांच्याशी बोलायचं होतं. फोन मैत्रेयीनं उचलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला कणीक.

मला वाटलं होतं ती अडखळेल. ती अडखळली नाही. आजोबा पुढे होते. उतार होता. त्यांच्या देशात डावीकडून चालवतात. आई त्यांच्या मागे होती, तिनं ब्रेक लावला म्हणून ती नुसती घसरली. ब्रेकचं आम्ही कुणीच म्हणालो नव्हतो. ते तिनं स्वतः घातलं, म्हणजे माझा गुडघाही त्यात बसला. समोर आजोबा सोफ्यावर बसले होते, तिनं एकदाही त्यांना काही विचारलं नाही, भाषांतरही केलं नाही. मी मीटिंगमध्ये टेस्ट रिपोर्ट वाचते तसं बोलत होती.

फोन ठेवून ती माझ्याकडे आली आणि मराठीत म्हणाली, माझ्याशी ती कधी मराठीत बोलत नाही, "झालं मम्मा. फ्राऊ हाफनरनी आज फोन केला होता त्यांना. म्हणाल्या की निळ्या जॅकेटवाली बाई नव्हती, माझाच गोंधळ झाला. आता कुणी काही विचारणार नाही." आणि मग, "मी नीट बोलले ना?"

ती हसत होती. गणिताचा पेपर चांगला गेल्यावर हसते तशी.

मी म्हटलं, "हो." हेही लिहून ठेवते. मी हो म्हटलं.

मग हाताची कणीक धुतली, बाबांसमोर जाऊन बसले आणि काल इस्पितळात फ्राऊ हाफनर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. जॅकेटचं, बहिणीचं. बाबा ऐकत राहिले. मध्ये एकदा मैत्रेयीकडे बघितलं, तिनं मान खाली घातली.

"हे मला काल का नाही सांगितलं कुणी?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "मी तिथं वड्या खायला घालत होतो त्या बाईला! हसत होतो!"

"बाबा, मी उद्या जाऊन सांगणार आहे, पुढे मी होते म्हणून."

"आणि ही?" त्यांनी मैत्रेयीकडे बोट केलं. "आत्ता फोनवर बोलली ती? तिला खोटं पाडणार? अगं, मी माझी मान दिली होती. माझी. मला वाटलं, माझ्याकडे आहे तेवढंच देतोय मी."

ते उठून खोलीत गेले. दार आपटलं नाही, अगदी हळू लावलं. अजून बाहेर आलेले नाहीत. सत्यजितनं ताट नेलं ते घेतलं, एवढंच.

मैत्रेयी रडली. म्हणाली, आता मला पोलीस धरतील का? मी म्हटलं, नाही, तुला बोलायला लावलं कुणी ते मी सांगणार आहे. 'मला आजोबांनी लावलं' असं ती म्हणेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं, रविवारी बघितलं होतं तसंच असणार. आज मला ते दिसलं.

सत्यजित म्हणाला, "मंगळवारची सही गेली. कळतंय ना? चौकशी संपेपर्यंत काही देणार नाहीत. वर्ष जाईल. बाबांना शनिवारी सोडतील का, तेही माहीत नाही."

"कळतंय."

"आईंना काय सांगणार आहेस?"

माहीत नाही. संध्याकाळी तिचा फोन आला होता, मी उचलला नाही. नाशिकमध्ये आता ती झोपली असेल. हे मी कुणासाठी करतेय? फ्राऊ हाफनरसाठी म्हणावं तर काल त्यांच्या तोंडावर मी शांतपणे खोटं बोलले आणि घरी येऊन जेवले. मैत्रेयीसाठी म्हणावं तर उद्या तिलाच त्रास होणार. बाबांचा अपमान झालाय, आईचं वर्ष जातंय. माझं मन हलकं व्हावं म्हणून चार माणसांवर ओझं टाकतेय का मी? असेल. पण त्या बाई आत्ता डोळे मिटून पडल्या असतील, आणि त्यांना मी दिसत असेन, आणि त्या स्वतःला सांगत असतील की ही नव्हतीच.

उद्या: सकाळी रोटेनबुर्गची पोलीस चौकी. बोलायचं मी.